चित्रपट आणि चर्चा

चित्रपट पाहून झाल्यावर त्याविषयीं गंभीरपणें बोलावयाचें, ही रीत शहरांतील विद्यापीठांची व चित्रपट-मंडळांची, असा सर्वसाधारण समज आहे. त्यास इतिहासाचा आधारहि आहे. सत्यजित राय प्रभृतींनीं १९४७ सालीं कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापिली. १९५२ सालच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवानें मुंबईकरांस इटलीचे व जपानचे चित्रपट दाखविले. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभें राहिलें आणि १९६८ सालीं मुंबईंत प्रभात चित्र मंडळ निघालें. धंद्याच्या बाजारांत ज्यांस जागा नव्हती, अशा चित्रपटांस या खटपटीनें प्रेक्षक मिळाला.

परंतु जाणता प्रेक्षक केवळ शहरांतच घडतो काय? वेंगुर्ल्याकडे पाहावें. तेथील जत्रांत दशावतार मध्यरात्रीं सुरू होतो, तो पहांटेपर्यंत चालतो. लिखित संहिता नसते. नट संवाद आयत्या वेळीं रचितात. म्हणून कोणत्या राजानें चोख उत्तर दिलें आणि कोण अडखळला, हें प्रेक्षक नेमकें पारखतो. ही समीक्षाच होय.

दशावताराच्या याच मुलखांत, आरवलीस, जयवंत दळवी वाढले. मुंबईच्या झोपडपट्टीवरील त्यांच्या ‘चक्र’ कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनीं केलेल्या चित्रपटास १९८१ सालीं लोकार्नो महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक लाभलें. परदेशच्या पंचांनीं गौरविलेली ही कृति दळवींच्या गांवकऱ्यांनीं पाहावी व तिच्याविषयीं कडाडून वाद घालावा, हें आम्हांस त्या पारितोषिकाहून मोलाचें वाटतें. वेंगुर्ल्यास आज महाविद्यालय आहे आणि पारखी प्रेक्षकहि आहे. दोघांची गांठ जितकी वारंवार पडेल, तितकें दोघांचेंहि हित होईल.