नर्मदातीरीचे महेश्वर : वारसा आणि त्याची राखण

‘ऐतिहासिक वारसा’ हे शब्द उच्चारताच आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे रायगड, सिंहगड, शनिवारवाडा अशी चित्रे उभी राहतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मराठ्यांच्या इतिहासाचा फार मोठा भाग सह्याद्रीच्या परिसराबाहेर घडला. धार, देवास, झाशी, बिठूर, तंजावर अशी किती तरी नावे सांगता येतील. यांतील काही ठिकाणे आज मोठी शहरे झाली, तर काही लहान गावेच राहिली. मोठ्या शहरातील वास्तूकडे निदान शासनाचे व अभ्यासकांचे लक्ष असते. लहान गावातील वास्तू मात्र बहुधा गावकऱ्यांच्या आस्थेवर किंवा अनास्थेवर जगते वा मरते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशाच एका लहान गावाचा विचार येथे करावयाचा आहे. ते गाव म्हणजे मध्य प्रदेशाच्या खरगोन जिल्ह्यातील महेश्वर.

इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर हे गाव वसले आहे. २०११च्या जनगणनेतही त्याची वस्ती पाव लाखाच्या आतच होती. प्राचीन माहिष्मती ती हीच, अशी परंपरा सांगते. काही विद्वान तो मान मांधात्याला देतात. हा वाद बाजूला ठेवला तरी या परिसरातील मानवी वस्तीच्या प्राचीनत्वाविषयी शंका उरत नाही. १९५२–५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी महेश्वर येथे, तसेच समोरच्या दक्षिण तीरावरील नावडातोली येथे उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची गोल व चौकोनी घरे, रंगीत नक्षीची मृत्पात्रे आणि धान्याचे जळके दाणे सापडले. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात या काठावर गहू पिकत होता, हे त्यावरून सिद्ध झाले. पुण्याहून आलेल्या संशोधकांनी निमाडच्या मातीतून हा इतिहास वर काढला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष आनंदाची आहे.

महेश्वराचे आजचे रूप मात्र घडले ते अठराव्या शतकात. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, १७६६ मध्ये मल्हाररावांचे निधन झाले आणि पाठोपाठ १७६७ मध्ये मालेरावही गेले. पती, सासरे आणि पुत्र यांच्या मृत्यूनंतर राज्याची धुरा अहिल्याबाईंच्या शिरावर आली. चौंडीसारख्या खेड्यात १७२५ मध्ये जन्मलेल्या या स्त्रीने आपल्या राज्यकारभाराचे केंद्र म्हणून नर्मदातीरीचे महेश्वर निवडले आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत तेथूनच कारभार केला. किल्ला त्यांच्या पूर्वीचा होता. त्याच्या आश्रयाने त्यांनी वाडा, मंदिरे, घाट आणि पेठ यांची एक सुसंगत रचना उभी केली. पुण्याच्या दरबाराला महेश्वरची खबर नित्य लागत असे. तेथून गेलेली पत्रे पुढे द. ब. पारसनीस यांनी ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने प्रसिद्ध केली. या लहानशा गावात मराठी दप्तर चालत होते, मराठी कीर्तन होत होते आणि मराठी हिशेब लिहिले जात होते, हे विसरून चालणार नाही.

महेश्वरचा राजवाडा पाहणाऱ्याला प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या साधेपणाचे. लाकडी खांब, मधला चौक, उतरते छप्पर! एखाद्या सधन देशमुखाचा वाडाही याहून अधिक दिमाखदार असेल. अहिल्याबाईंची गादी येथे आजही जपलेली आहे. घाटावर उतरताच दृष्टीला पडतात अहिल्येश्वराचे शिखर आणि विठोजी होळकरांची छत्री. १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने ज्यांना हत्तीच्या पायी दिले, ते हेच विठोजी. त्या कृत्याचा सूड घेण्यासाठी यशवंतराव होळकर पुण्यावर चालून गेले आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ पेशव्यांचा पराभव झाला. मराठेशाहीच्या अस्ताचे एक प्रकरण अशा रीतीने नर्मदेकाठच्या या नक्षीदार दगडांत कोरलेले आहे.

जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदुरास गेली. महेश्वर मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खांडवा–इंदूर लोहमार्ग झाला, तोही बडवाहाजवळ नर्मदा ओलांडून निघून गेला. महेश्वराला रेल्वे आली नाही. गावाच्या दृष्टीने ही हानी होती, यात संशय नाही. परंतु इतिहासाचा न्याय विचित्र असतो. ज्या उपेक्षेने गाव निर्धन झाले, तिनेच त्याच्या वास्तू वाचविल्या. राजधानी तेथेच राहिली असती तर जुना वाडा पाडून नवा प्रासाद उठला असता आणि घाटांलगत कचेऱ्या व गिरण्या उभ्या राहिल्या असत्या.

तथापि केवळ उपेक्षेने वास्तू टिकत नाही. फार तर ती सावकाश मोडते. महेश्वर टिकले याचे खरे कारण असे की त्याचा वापर कधी थांबला नाही. राजराजेश्वराच्या मंदिरात अखंड दीप तेवत राहिले. अहिल्याबाईंनी सुरू केलेले मातीच्या शिवलिंगांचे अर्चन आणि नर्मदेत विसर्जन ही रीत चालू राहिली. परिक्रमावासी घाटावर उतरत राहिले. आणि या सर्वांच्या जोडीला गावात माग चालत राहिला.

मागाची ही कथा प्रत्येक वारसाप्रेमी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. अहिल्याबाईंनी दूरदूरचे विणकर आणून येथे वसविले, अशी परंपरा आहे. महेश्वरी लुगड्याच्या काठावर चटई, वीट, लहर अशी नक्षी दिसते. यांतील काही आकृती किल्ल्याच्या आणि मंदिरांच्या कोरीव कामातून उचललेल्या आहेत, तर लहर ही साक्षात नर्मदेची. म्हणजे घाटावरचा दगड पाहावा आणि तोच आकार सुतात ओळखावा! विसाव्या शतकात या धंद्याला उतरती कळा लागली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी ‘रेहवा सोसायटी’ स्थापून विणकरांना, विशेषतः स्त्रियांना, पुन्हा काम मिळवून दिले. पुढे किल्ल्यातील एका भागात अतिथिगृहही निघाले. माग वाचला म्हणून विणकर गावात राहिले आणि ते राहिले म्हणून गाव जिवंत राहिले. दगड वाचविण्याचा मार्ग कित्येकदा माणसांच्या पोटातून जातो, हा महेश्वरचा पहिला धडा होय.

दुसरा धडा दुरुस्तीचा आहे. जुन्या भिंती चुन्याच्या आहेत. चुना लवचिक असतो व तो ओल बाहेर जाऊ देतो. पावसाळ्यात भिंत भिजते आणि उन्हाळ्यात सुकते. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की पहिली दोन वर्षे ती मोठी नीटनेटकी दिसते. परंतु आत शिरलेली ओल कोंडते, क्षार पृष्ठभागाजवळ साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. लाकडी खांबांवर तैलरंगाचे थर चढविले तर आतील लाकूड कुजत असल्याचे वेळीच कळतही नाही. आपल्या देशात किती तरी मंदिरे व वाडे यांचा नाश शत्रूंनी केला नाही, तो भाविकांच्या वर्गणीने झालेल्या जीर्णोद्धाराने केला! हेतू शुद्ध होता, द्रव्य होते. उणीव होती ती चुना भिजविणारा, मळणारा व लावणारा गवंडी कोण, हे विचारण्याची.

कायदा काय करतो, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. १९५८च्या प्राचीन स्मारके कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या वास्तूंना संरक्षण मिळते. २०१०च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवतीच्या १०० मीटरांत नव्या बांधकामास मनाई झाली आणि त्यापुढील २०० मीटरांत ते नियंत्रित झाले. राज्यांचेही स्वतंत्र कायदे आहेत. परंतु लहान गावाचे सौंदर्य एका घोषित स्मारकात सामावलेले नसते. ते गल्लीच्या वळणात, ओट्यांच्या रांगेत, लाकडी कठड्यांत असते. त्या घराचा मालक गरजू असतो. नव्या पिढीला वाहन ठेवावयास जागा आणि सुनेला सोयीचे स्वयंपाकघर हवे असते. त्याला दोष देण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपणांस नाही. जुने घर न पाडताही सोयीचे करता येते, हे त्याला कोणी दाखवून दिले, आणि त्यासाठी थोडे साह्य मिळाले, तरच ते घर वाचेल.

तिसरा आणि सर्वांत मोठा धडा स्वतः अहिल्याबाईंचा आहे. काशीचे विश्वेश्वर मंदिर १७८० मध्ये त्यांनी पुन्हा उभारले. सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु बांधण्याइतकेच राखण्याकडेही त्यांचे लक्ष होते. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून मिळालेली ‘खासगी’ म्हणजे स्त्रियांच्या स्वतंत्र उत्पन्नाची जहागीर पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि त्यांच्या दानधर्माला त्या उत्पन्नाचा आधार होता. मंदिर बांधले की त्याच्या दिवाबत्तीची, पूजेची, अन्नछत्राची तरतूद हवीच, हे त्या जाणून होत्या. स्वातंत्र्यानंतर या मालमत्तांसाठी १९६२ मध्ये न्यास स्थापन झाला. त्याची नोंदणी मध्य प्रदेशाच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ठरविले. त्या निर्णयाचा अर्थ आपल्यासारख्या सामान्य माणसांनी एवढाच घ्यावा, की अशा वास्तू कोणाच्याही खाजगी नव्हेत. त्यांचा हिशेब समाजाने विचारला पाहिजे आणि समाजालाच तो दिला गेला पाहिजे.

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे झाली. त्या वर्षीच्या जानेवारीत मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरात भरली. सोहळे झाले, भाषणे झाली. ते योग्यच होते. परंतु उत्सवाचा मांडव उतरल्यानंतर घाटाच्या निखळलेल्या पायरीकडे कोण पाहतो, यावरच वारशाचे भवितव्य ठरते. यात्रेकरू आणि प्रवासी वाढले म्हणजे गावात पैसा येतो, पण कचराही येतो. खऱ्या हातमागाच्या शेजारी यंत्रमागाचे नकली लुगडे विकावयास बसते.

मग आपण काय करावे? आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोडीतील कागद, जुनी छायाचित्रे, वाड्यांचे नकाशे ट्रंकेत पडून असतील. त्यांची प्रत काढून ती जाणत्या संस्थेकडे द्यावी. मोडी वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. मंडळाने वर्षातून एखादा मोडी वर्ग चालवावा. महेश्वरास गेलो तर घाई न करता राहावे, विणकराकडूनच वस्त्र घ्यावे आणि घाटावर आपल्या नावाची खूण सोडू नये. शिवाय आणखी एक गोष्ट. ज्या गावात पोटासाठी आपण आलो आणि पन्नास वर्षे हे मंडळ चालविले, त्या गावालाही त्याचा वारसा आहे. तेथील जुनी विहीर, मशीद, देऊळ, बाजारपेठ यांच्याविषयीही आपणांस तितकीच आस्था वाटली पाहिजे. मराठी मुलखात जन्मलेल्या अहिल्याबाईंनी काशी आणि गया परकी मानली नाही. त्यांचे नाव घेणाऱ्या आम्हीही आमचे हे दुसरे गाव परके मानता कामा नये.