माळ्यावरचा इतिहास

घरातली इलेक्ट्रॉनिक अडगळ काढताना थोडा इतिहास आठवावा. फिलिप्सची छोटी कॅसेट १९६३ साली आली. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मोबाइलचा एक फोटोही बहुधा मावत नाही. सोनीने जपानमध्ये २०११ साली त्या विकणं थांबवलं. व्हीसीआर बनवणं फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली बंद केलं. टेपा उरतात, वाजवणारी यंत्रं जातात. आजोबांची पोथी मात्र नुसत्या डोळ्यांनी वाचता येते!

म्हणून टेपरेकॉर्डर ई-कचऱ्यात देण्याआधी आईच्या ओव्यांची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फाइलीला तिचं नाव द्या, साल द्या. नाहीतर नातवंडांना आवाज ऐकू येईल, पण तो कुणाचा हे सांगायला कुणी नसेल.