काचेच्या देहातली खोली

पिंपळगाव राजा हे घाटाखालचं गाव. तिथून पावसाळ्यात दक्षिणेकडे पाहिलं, तर जवळची टेकडी हिरवीगार आणि मागची अजिंठ्याची रांग निळसर, धूसर. अंतराची ही खूण लिओनार्दोने चित्रकारांसाठी लिहून ठेवली. पुढे डॉक्टरांच्या चित्रांनाही तिची गरज पडली.

1895मध्ये एक्स-रे आला आणि देह पारदर्शक झाला. एरवी पुढची वस्तू मागचीला झाकते, त्यावरून डोळा अंतर ओळखतो. इथे काहीच झाकलं जाईना. 1898मध्ये जेम्स मॅकेन्झी डेव्हिडसन यांनी नळी किंचित सरकवून दोन एक्स-रे काढले, दोन डोळ्यांना वेगवेगळे दाखवले आणि शरीरात रुतलेली वस्तू किती खोल आहे ते शोधलं.

सीटी आल्यावरही पेच सुटला नाही. रक्तवाहिन्या दाखवताना नजरेच्या किरणाच्या वाटेवरचा सर्वांत उजळ बिंदू तेवढा घ्यायची रीत आहे. समांतर किरणांनी काढलेली अशी समोरची आणि पाठीमागची चित्रं म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमाच. धमनी अलीकडून जाते की पलीकडून, हे त्या चित्रात नसतंच, ते कितीही स्पष्ट असो. शस्त्रक्रियेपूर्वी नेमकं तेच कळायला हवं! म्हणून चित्र फिरवून पाहतात, दूरचं फिकं करतात, किंवा जवळच्या वाहिन्या लाल आणि लांबच्या निळ्या रंगवतात.

मला सर्वांत आवडते ती फटीची युक्ती. 1979मध्ये आयबीएमच्या आर्थर अ‍ॅपेल आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या रेषाचित्रांत, रेषा छेदतात तिथे मागची रेषा जराशी तोडली. तेवढ्याने पुढचं-मागचं ठरलं. 2007मध्ये व्हिएन्नाच्या स्टेफान ब्रुकनर आणि एडुआर्ड ग्रोलर यांनी व्हॉल्यूम रेंडरिंगमध्ये, म्हणजे स्कॅनच्या त्रिमितीय माहितीतून थेट काढलेल्या चित्रांत, वस्तूभोवती प्रभावळ आणली, ती याच घराण्यातली.

या कुळाची एक शाखा पुण्याची आहे, आणि ती आपण अभिमानाने सांगायला हवी. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्यासोबत अजय लिमये यांनी ‘युनिव्हिस-2000’ हे व्हिज्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर घडवलं. 2001मध्ये ‘करंट सायन्स’ने त्यावरचा लेख छापला. पुढे कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत लिमये यांनी ‘दृष्टी’ लिहिलं, सर्वांना मोफत, सोर्स कोडसह. जीवाश्म असो वा सीटी स्कॅन, कोणत्या घनतेचा भाग किती पारदर्शक दिसावा हे पाहणारा स्वतः ठरवतो, हवा तिथे छेद घेतो, सावल्या पाडतो. डेव्हिडसन यांच्यासारखी दोन डोळ्यांसाठी दोन चित्रंही त्यात काढता येतात.