खालचा बोल्ट

गाडीखाली झोपून पाहणारा हवालदार आणि कागदावर गणित करणारा लेफ्टनंट यांच्यात वाद झाला, तर बहुतेक वेळा हवालदार बरोबर असतो. लडाखमध्ये तो लेफ्टनंट मी होतो, खडकवासला आणि सिकंदराबाद करून आलेला. गाडीचे कमानपाटे चॅसिसला ज्या ब्रॅकेटने जोडलेले असतात, त्याला चार बोल्ट होते. "साब, नीचेवाले दो हर बार ढीले होते हैं," हवालदार म्हणाला. मी भाराला चारने भागलं, प्रत्येक बोल्टवर किती थोडा भार येतो ते दाखवलं आणि गाडी सोडली. खारदुंग ला उतरताना ब्रॅकेट खालच्या भोकापासून फाटलं. गाडी दरीकडे न जाता डोंगराकडे कलली, एवढंच आमचं नशीब.

भार सगळीकडे सारखा वाटला जातो ही समजूत जुनी आहे, आणि थोर माणसाची आहे. भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाला वजन टांगलं तर ती कधी मोडेल, हा प्रश्न गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात मांडला. तुळई खालच्या कडेवर फिरते आणि भिंतीलगतचा सगळा छेद सारख्याच ताणाने विरोध करतो, असं त्याने धरलं. आजच्या हिशेबाने ही ताकद तिप्पट जास्त येते. प्रत्यक्षात वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मध्ये एका रेषेवर काहीच नसतं. फ्रान्समध्ये पारांने १७१३मध्ये हे ओळखलं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

ते पुन्हा नीट मांडलं एका फौजी इंजिनिअरने. विजेच्या नियमामुळे शाळेत भेटलेला हाच तो कूलोंब. त्याने मार्टिनिक बेटावर आठ वर्षं किल्ला बांधला, तिथे वारंवार आजारी पडला आणि परतल्यावर १७७३मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे निबंध वाचला. मुळात ही टिपणं त्याने स्वतःच्या कामापुरती केली होती. (आमच्या रस्त्यांच्या संरक्षक भिंतींवरचा मातीचा दाबही त्याच निबंधातला.)

आता ब्रॅकेट. भिंतीवरच्या फळीत वरचा स्क्रू उपसला जातो. गाडीत उलट, कारण चाक खालून वर ढकलतं. बाहेर आलेल्या ब्रॅकेटची वरची कड चॅसिसवर दाबली जाते आणि ताण खालच्या दोन बोल्टांवर येतो. उभा भार पेलतं ते मुख्यतः घर्षण, बोल्ट आवळल्याने दोन पत्र्यांत येणारं. त्या घर्षणाचे नियमही पुढे कूलोंबनेच तपासून मांडले. खालचा बोल्ट सैल झाला की तिथली पकड जाते, प्रत्येक खड्ड्यागणिक पत्रा वाकतो आणि भोकाच्या कडेला तडा सुरू होतो. माझ्या भागाकारात यातलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हवालदाराला म्हणालो, "उस्ताद, गलती मेरी थी." तो काही बोलला नाही. त्याने नव्या ब्रॅकेटचे बोल्ट आवळले आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर उतरणारी पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली. रेघ तुटली की समजायचं, बोल्ट फिरला. आजही कुठल्याही युनिटची गाडी तपासताना मी आधी खाली वाकून ती रेघ शोधतो.