आगबोटीचे जुने उतारू

गोमंतकातील आपल्या देवस्थानांच्या जत्रांचे पंचांग एकदा बोटीच्या दृष्टीने वाचून पाहावे. नागेशीची जत्रा कार्तिक पौर्णिमेस, कवळ्यास श्रीशांतादुर्गेची माघ शुद्ध पंचमीस, श्रीमंगेशाची माघी पौर्णिमेच्या सुमारास, शिरगावच्या लईराईची वैशाख शुद्ध पंचमीस. या साऱ्या तिथी समुद्र शांत असण्याच्या दिवसांत पडतात. तिथी आगबोटीपेक्षा कितीतरी जुन्या. तेव्हा त्या कोणी बोटीच्या सोयीने नेमल्या असे नव्हे. पीक घरात आले आणि आकाश निवळले की उत्सव करावा, हा आपल्या किनाऱ्याचा मूळचाच क्रम. परंतु त्यामुळे घडले असे की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कोकणच्या किनाऱ्याने आगबोटी फिरू लागल्या, तेव्हा मुंबईत जाऊन राहिलेल्या कुळाव्यांना कुळदेवतेची वाट पुन्हा उघडी झाली.

या वाटेचा इतिहास आम्ही लिहू पाहतो, तो कंपन्यांचा नव्हे, उतारूंचा. देवळाचा इतिहास लिहिताना आपण कधी जीर्णोद्धार झाला, कोणी गाव दान दिला, हे आवर्जून सांगतो. शिंदेशाहीशी संबंध असलेले रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शब्दावरून १७३९ साली पेशव्यांनी मंगेशीचा गाव देवस्थानास दिला, हे महाजनांच्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच देवाचा मुंबईचा, बडोद्याचा, इंदूरचा महाजन पुढे शंभर वर्षे देवळाच्या पायरीपर्यंत पोचला कसा, याविषयी आपण काही लिहून ठेवले नाही. ज्यांना ठाऊक होते ती माणसे आता थोडी उरली आहेत. आम्ही स्वतः 'कोंकण सेवक' आणि 'कोंकण शक्ती' या बोटींनी प्रवास केलेल्यांपैकी; म्हणजे त्या परंपरेच्या अगदी शेपटाचे. त्याआधीचे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीस लागे. वाटेत हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे. सगळीच बोट सगळीकडे थांबे असे नाही. बेळगावकडील मंडळी वेंगुर्ल्यास उतरून आंबोलीच्या घाटाने वर जात. बहुतेक उतारू डेकवरचे. डेकवर जागेला आकडा नसतो. वळकटी पसरली ती आपली जागा. म्हणून नवखा उतारू धक्क्यावर सामानाची मोजदाद करीत राही, आणि जुना उतारू एक चटई घेऊन आधी वर जाई. ती चटई कोठे पसरावी, यात त्याची सारी विद्या होती.

ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती, पण तपासून पाहिली तर ती शास्त्राला धरून असल्याचे दिसते. पहिला नियम, बोटीच्या मध्यावर बसावे. लाटेवर बोट झोपाळ्याच्या फळीप्रमाणे नाळेकडून व वरामाकडून वरखाली होते. मध्यभाग सर्वांत कमी हालतो. दुसरा नियम, किनाऱ्याकडची बाजू धरावी, जाताना डावी आणि येताना उजवी. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येते आणि वाराही वायव्येचा असतो. किनाऱ्याकडच्या बाजूस सावलीही मिळते आणि आडोसाही. शिवाय खांदेरीपासून आग्वादपर्यंत दीपगृहे त्याच बाजूस. रात्री झोप न आलेले म्हातारे दिवे मोजून बोट कोठवर आली ते सांगत, आणि ते सहसा चुकत नसत. तिसरा नियम परतीच्या प्रवासाचा. मुंबईकडे येताना वारा समोरून असतो. धुराड्याची काजळी मागच्या बाजूस पडते आणि बोटही अधिक आपटते. म्हणून जाताना ज्याला काही झाले नाही, त्यानेही येताना बढाई मारू नये, असे आमच्या घरी सांगत. माघातल्या रात्री जमिनीवरचा गार वारा सुटतो आणि डेकवर दव पडते. दिवसाच्या उकाड्यावरून अंदाज बांधून पांघरूण घरी ठेवणारा माणूस पहाटे दुसऱ्याच्या घोंगडीचे टोक मागताना दिसे.

बोट लागणे हा तर या प्रवासाचा मुख्य विषय. डोळ्यांना स्थिर दिसते आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय हलल्याचे सांगते. या भांडणातून मळमळ होते, असे आजचे वैद्यक म्हणते. आमच्या आज्ज्यांना हे कारण ठाऊक नव्हते, उपाय मात्र ठाऊक होता: 'डोंगराकडे बघ, पायांकडे बघू नको.' रिकाम्या पोटी बसू नये, तुडुंब जेवूही नये, आल्याचा तुकडा गालात ठेवावा, लिंबू हुंगावे. आल्याचा गुण आजही मानला जातो. लिंबाविषयी आम्हांस तितकी खात्री नाही; पण डेकवरच्या इतर वासांपेक्षा लिंबाचा वास केव्हाही बरा, एवढे म्हणता येईल.

खाण्याचा प्रश्न नुसता पोटाचा नव्हता. समुद्रगमनाला आपल्या धर्मशास्त्रात दोष सांगितला आहे. बौधायनाने त्याची गणना पातकांत केली, आणि पुढे कलिवर्ज्यांतही तो विषय आला. तथापि किनाऱ्याकिनाऱ्याने, डोंगर नजरेआड न होऊ देता, देवदर्शनासाठी जाणाऱ्यास तो दोष लागतो असे आमच्याकडे कोणी मानले नाही. अडचण निराळी होती. ज्या फळ्यांवर पाच-सहाशे माणसे दाटीने बसली, तेथे सोवळे राहायचे कोठे? जुन्या बायकांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. कोणी पणजीपर्यंत फळांवर राहत. कोणी घरचे पाणी तांब्यात बांधून घेत आणि दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या नेत, कारण दशमीला प्रवासात दोष धरीत नाहीत. पोहे, लाडू, सुक्या खोबऱ्याचे तुकडे हे सर्वांचेच. आम्ही ऐकले आहे की, सोवळ्याची कडक बाई जवळच्या परक्या मुलाला मळमळताना पाहून आपल्या तांब्यातले पाणी त्याच्या तोंडावर मारी, आणि मग उरलेला प्रवास पाण्यावाचून काढी. वरच्या वर्गातल्या चार-दोन असामी सोडल्या तर गिरणीतला कामगार, भटजी, सोनार आणि महाजन एकाच फळीवर निजत. देवळात जे झाले नव्हते ते बोटीवर झाले होते. ते कोणी ठरवून केले नव्हते, जागाच तेवढी होती.

जुन्या उतारूंचा सल्ला नेहमीच खरा असतो असेही समजू नये. १८८८ च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा जातीने त्यांना बहिष्कृत केले होते. काटे-चमचे कसे धरावे हे न कळल्यामुळे ते जेवणाच्या मेजावर न जाता बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर खोलीतच दिवस काढीत. एका इंग्रज सहप्रवाशाने त्यांना मायेने सांगितले की, तांबड्या समुद्रापर्यंत ठीक आहे, पण बिस्केच्या उपसागरात गेल्यावर मांसावाचून निभाव लागणार नाही. उपसागर आला आणि गेला. गांधींना मांसाची गरज भासली नाही. आपण मांस खाल्ले नाही अशी प्रशस्तिपत्रे त्यांनी गोळा केली, आणि मांस खाणाऱ्यालाही तसे पत्र मिळते हे पुढे कळल्यावर त्यांना त्यांची किंमत उरली नाही. बिस्केच्या उपसागराची ही दहशत त्या मार्गावरच्या अनुभवी प्रवाशांनीच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली असावी. आमच्याकडेही विजयदुर्गाच्या पाण्याविषयी अशा काही गोष्टी सांगत. त्या येथे देत नाही.

खरी कसोटी डेकवर नव्हती, उतरण्यात होती. कित्येक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. शिडीखाली पडाव लाटेबरोबर पुरुषभर वर येई, पुरुषभर खाली जाई. नवखा माणूस पडाव खाली जात असताना उडी घेई आणि गुडघे फोडून घेई, नाहीतर पाण्यात पडे. पडाव वर येऊन क्षणभर थांबतो, त्याच क्षणी पाऊल टाकावे. उडी मारू नये, नुसते पाऊल टाकावे. हात मोकळे असावेत, सामान आधी जावे, मूल खलाशाच्या हातात द्यावे आणि आपण त्याकडे न पाहता उतरावे. 'मुलाकडे पाहिलेस तर दोघेही जाल,' हे वाक्य आमच्या आईने तिच्या सासूच्या तोंडून ऐकले होते. नऊवारीचा कासोटा नीट घातलेल्या बायका या कामी धोतरवाल्या पुरुषांपेक्षा हुशार असत. पडाववाले मध्येच वल्ही थांबवून जास्त पैसे मागत, ही तक्रारही फार जुनी. त्यावर उपाय एकच होता. किनाऱ्यापर्यंत गप्प बसावे आणि ठरलेलेच हातावर ठेवावे.

जुन्या उतारूंचा आणखी एक नियम होता, आणि तो सर्वांत जड आहे: काही झाले तरी सगळ्यांनी एका बाजूस धावू नये. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेत कोकणातल्या माणसांनी आपली म्हणून जी आगबोट कंपनी उभी केली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, आणि तिच्या बोटींना संतांची नावे होती. 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर इतके थोडे की, त्याला कोणी समुद्रप्रवास म्हणत नसे. काशाच्या खडकाजवळ पावसात आणि वादळात लाट आदळली, भेदरलेले उतारू एका बाजूस लोटले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मासळी घेऊन मुंबईस चाललेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून हाती लागले तेवढे जीव होड्यांत घेतले. मुंबईस वार्ता कळली ती पोहून आलेल्यांकडून, कित्येक तासांनी.

त्या बोटीवरही जुने उतारू होतेच. त्यांना नियम ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु डेकवरची विद्या ही एकेकट्याची असते. गर्दीला ती नसते. ज्या ऋतूत बोट सोडू नये त्या ऋतूत ती सोडली, तर मध्यावर बसलेला आणि कडेला बसलेला यांत काही फरक राहत नाही. आमच्या घराण्यात त्यानंतर एक गोष्ट बदलली. पावसाळ्यात देवाला जायचे नाही, गेले तर घाटाने जायचे. चतुर्थी लवकर आली की कित्येकांचा गणपती त्यामुळे गावाबाहेरच राहिला.

पुढचा भाग लवकर सांगून टाकतो. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने पोर्तुगीज गोव्याशी दळणवळण तोडले आणि मुंबईच्या महाजनांना माघाची जत्रा मनातल्या मनात करावी लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर चौगुले यांच्या बोटी सुरू झाल्या, पुढे ती वाहतूक मोगल लाइन या सरकारी कंपनीकडे गेली आणि कालांतराने बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा बोटीची आठवण काढणेही काहींना हास्यास्पद वाटू लागले. २०१८ साली 'आंग्रिया' या नावाचे सुखसोयींचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर निघाले. त्यावर खोल्या होत्या, पोहण्याचा हौद होता. वर्षातून दोन-दोन वेळा मोठ्या जहाजांनी हिंडणारे आमचे एक आप्त आहेत. त्यांना आम्ही विचारले, की खोली घेताना काय पाहता? ते म्हणाले, 'मधली घ्यायची, आणि खालच्या मजल्यावरची. तिथे कमी हलते.' त्यांच्या पणजीची चटई तिथेच पसरलेली असे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून निघाला तो अघनाशिनी ओलांडूनच प्रियोळास आला. देवानेही एकदा होडीत पाय ठेवला होता, असे म्हणून म्हाताऱ्या बायका बोटीच्या शिडीला हात लावून नमस्कार करीत. पहाटे आग्वादचा दिवा फिका पडे. बोट वळून मांडवीच्या मुखात शिरली की हालणे एकदम थांबे, आणि रात्रभर पडून राहिलेली माणसे उठून वळकट्या बांधू लागत. कोणी डब्यातला नारळ पाण्यात सोडी. धक्क्यावर जकातीची तपासणी असे तेव्हा तास मोडे; मुक्तीनंतर तीही राहिली नाही, आणि फोंड्याची कार्रेर पकडण्यासाठी सगळे जुने उतारू नव्या उतारूंच्या आधी शिडीपाशी उभे असत.