मुरुमाच्या खाणीवर पुन्हा गवत: कायद्याची अट आणि जमिनीची गरज

रस्त्यांचा भराव, बंधारे आणि इमारतींच्या पायासाठी लागणारा मुरूम प्रामुख्याने माळरानांतून आणि टेकड्यांच्या उतारांवरून काढला जातो. उत्खनन संपल्यावर मागे उरतो तो मातीचे आवरण गमावलेला, कठीण तळाचा खड्डा. पावसाळ्यात पाणी साचून तो माणसांना व जनावरांना धोक्याचा ठरतो आणि उरलेले वर्ष उजाड पडून राहतो. अशा जमिनीवर पुन्हा गवत आणणे ही आता खाणपट्टाधारकाची जबाबदारी आहे. ती पार पडणार की नाही, हे मात्र बहुतांशी खाण सुरू होतानाच ठरते.

न्यायालयाचा आदेश

सर्वोच्च न्यायालयाच्या तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने 8 जानेवारी 2020 रोजी ‘कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात केंद्र सरकारला एक निर्देश दिला. खाणकाम थांबल्यानंतर खाणक्षेत्रात, तसेच खाणकामामुळे बाधित झालेल्या अन्य जागेत पुन्हा गवत लावावे आणि चारा, वनस्पती व प्राणिजीवन यांच्या वाढीस योग्य अशी जमीन तयार करावी, ही अट खाणपट्ट्यात घालण्यास न्यायालयाने सांगितले. गवत नष्ट झाल्याने तृणभक्षी प्राणी चाऱ्यास मुकतात, हा त्यामागील विचार होता. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने त्याच महिन्यात ही अट पर्यावरण मंजुरीशी जोडली.

खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, 1957 नुसार बांधकामाचा दगड, खडी-गोटे आणि साधी वाळू ही गौण खनिजे आहेत. त्यांच्यासंबंधीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा करणारे 2017 चे केंद्रीय खनिज संवर्धन व विकास नियम गौण खनिजांना लागू नाहीत. त्यामुळे गावोगावच्या लहान खाणींच्या बाबतीत राज्यांचे नियम आणि पर्यावरण मंजुरीतील अटी यांवरच भिस्त असते. पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात 27 फेब्रुवारी 2012 रोजी स्पष्ट केले होते.

आधी माती

दख्खनच्या पठारावर मातीच्या पातळ थराखाली अर्धवट झिजलेला बेसॉल्ट असतो; तोच मुरूम. वरच्या थरातच गवताची मुळे, सुप्त बिया आणि सूक्ष्मजीव असतात. खाण उघडताना ही माती मुरमात मिसळली किंवा विकली गेली, तर पुढे कितीही खर्च केला तरी ती सहजासहजी परत मिळत नाही. म्हणून ती प्रथम वेगळी काढून कमी उंचीच्या ढिगांत साठवली जाते. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि तेथील जीवसृष्टी क्षीण होते. खाणीचे टप्प्याटप्प्याने उत्खनन केल्यास एका भागातील माती काढून लगेच दुसऱ्या, संपलेल्या भागावर पसरता येते आणि साठवणुकीचा काळ घटतो.

खाण बंद करताना उभे कडे उतरते केले जातात. यंत्रांच्या चाकांनी घट्ट झालेला तळ खोलवर फोडला जातो. तसे न केल्यास पाणी मुरत नाही आणि मुळे खाली जात नाहीत. उतारावर समतल चर काढून पाणी अडवले जाते आणि शेवटी राखून ठेवलेली माती पातळ थरात पसरली जाते.

मग बी

मारवेल, पवन्या, डोंगरी गवत यांसारख्या स्थानिक गवतांचे बी पावसाळ्यानंतर जवळच्याच चांगल्या कुरणातून गोळा करता येते. अनेक गवतांचे ताजे बी काही महिने सुप्त राहते. त्यामुळे ते साठवून पुढील पावसाच्या सुरुवातीस पेरणे हितकारक ठरते. नवे गवत मूळ धरेपर्यंत चराईबंदी लागते. त्यानंतर मर्यादित चराई किंवा कापणी चालू ठेवावी लागते.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे बाहेरून आणलेली सुपीक माती आणि भरपूर खत. माळावरील गवते निकस जमिनीला सरावलेली असतात. सुपीकता वाढताच जोमदार तण त्यांना मागे टाकते. दुसरी चूक म्हणजे सरसकट वृक्षलागवड. लांडगा, काळवीट, माळढोक आणि तणमोर यांना मोकळे माळ हवे असते, तर धनगरांसह अनेक पशुपालकांचे कळप गवतावर जगतात. जेथे मूळचे माळरान होते, तेथे दाट झाडी लावल्याने हिरवळ दिसते, पण चारा परत येत नाही.

मूळच्या परिसंस्थेचा विचार करून केलेल्या पुनर्स्थापनेचे एक उदाहरण हरियाणात आहे. गुरुग्राममधील सुमारे 390 एकरांचे अरवली जैवविविधता उद्यान पूर्वीच्या खाणींच्या जागेवर 2010 पासून उभे राहिले. नागरिकांच्या पुढाकाराने तेथील विलायती बाभूळ हटवून अरवलीतील बिया गोळा करण्यात आल्या आणि स्थानिक झाडे, झुडपे व गवते रुजवण्यात आली. अरवलीच्या त्या भागात झाडी आणि गवत दोन्ही मूळचीच. त्यामुळे तेथील मिश्रण उघड्या माळावर जसेच्या तसे लागू होत नाही. स्थानिक बी आणि अनेक वर्षांची देखरेख, हा त्यातील धडा मात्र सर्वत्र उपयोगी आहे.

ग्रामपंचायत, महसूल यंत्रणा किंवा पशुपालक यांना एखाद्या खाणीच्या भवितव्याचा अंदाज पहिल्या काही आठवड्यांतच घेता येतो. वरची माती स्वतंत्र ढिगात राखली आहे काय, हे त्यासाठी पाहावे लागते. ती जागेवर नसेल, तर मंजुरीपत्रातील गवताची अट कागदावरच राहण्याची शक्यता अधिक.