शिकाऊ चालक आणि पहिल्या मोटारगाडीचा विमा

शिकाऊ चालक म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये शिकाऊ अनुज्ञप्ती (बोलीभाषेत ‘लर्निंग लायसन्स’) धारण करून वाहन चालवण्यास शिकणारी व्यक्ती होय. भारतात मोटार विमा मुख्यतः वाहनाचा उतरवला जातो, चालकाचा नव्हे. त्यामुळे कुटुंबाच्या किंवा स्वतःच्या पहिल्या गाडीवर शिकणाऱ्या तरुणासाठी वेगळे विमापत्र घ्यावे लागत नाही. मात्र शिकाऊ चालकासाठीच्या अटी पाळल्या, तरच विम्याचे पूर्ण संरक्षण मिळते. त्या मोडल्यास अपघाताच्या भरपाईचा भार अखेरीस वाहनमालकावर, म्हणजे बहुधा चालकाच्या आईवडिलांवर, येऊ शकतो.

इतिहास आणि कायदा

भारतात वाहनांच्या त्रयस्थ पक्ष विम्याची (थर्ड पार्टी) सक्ती मोटार वाहन अधिनियम, १९३९ मधील आठव्या प्रकरणाने केली. हे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १ जुलै १९८९ रोजी लागू झालेल्या १९८८ च्या अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम १४६ नुसार विमा नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. कलम १९६ अन्वये या गुन्ह्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा घडल्यास ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची ही रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने वाढवण्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारगाडीचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा घेणे बंधनकारक झाले.

शिकाऊ अनुज्ञप्ती

मोटारगाडीच्या शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी ही मर्यादा १६ वर्षे आहे. अर्जदारास वाहतुकीची चिन्हे व नियम यांवरील वस्तुनिष्ठ चाचणीत किमान ६० टक्के गुण मिळवावे लागतात. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्याने ही चाचणी घरबसल्या देण्याची सोय उपलब्ध झाली. शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत सहा महिने असते. ती मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ नुसार मोटारगाडी चालवणाऱ्या शिकाऊ चालकाने पुढील तीन अटी पाळणे आवश्यक आहे :

१. मुदतीतील शिकाऊ अनुज्ञप्ती जवळ असणे.
२. वैध पक्की अनुज्ञप्ती असलेली व शिकवण्यासाठी सोबत असलेली व्यक्ती, गाडी नियंत्रित करता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेली असणे.
३. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर लावलेले असणे. ही पाटी किमान १८ सेंटिमीटर लांबी-रुंदीची आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंचीचे असावे.

विम्याचे प्रकार

त्रयस्थ पक्ष विमा : हा कायद्याने सक्तीचा किमान विमा आहे. विमाधारकाच्या गाडीमुळे रस्त्यावरील इतर व्यक्तींचा मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई यातून दिली जाते. विमाधारकाच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी यातून काहीही मिळत नाही.

स्वनुकसान विमा : अपघात, चोरी, आग, पूर, दंगल इत्यादींमुळे स्वतःच्या गाडीचे झालेले नुकसान यात भरून मिळते. १ सप्टेंबर २०१९ पासून हा विमा स्वतंत्रपणेही घेता येतो.

सर्वसमावेशक विमा : वरील दोन्ही प्रकार एकत्र असलेले हे विमापत्र आहे. कर्ज काढून गाडी घेतल्यास बँका सामान्यतः याचाच आग्रह धरतात.

वैयक्तिक अपघात विमा : नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असताना मृत्यू पावल्यास किंवा कायमचा अपंग झाल्यास त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे संरक्षण यात असते. गाडी वडिलांच्या नावावर असून मुलगा किंवा मुलगी चालवत असल्यास हे संरक्षण त्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेगळा हप्ता भरून जोडसंरक्षण किंवा स्वतंत्र अपघात विमा घ्यावा लागतो. निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स (२००९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मालकाकडून वाहन मागून घेऊन चालवणारा हा मालकाच्याच स्थानी असतो, त्यामुळे तो त्रयस्थ पक्ष ठरत नाही, असा निर्वाळा दिला.

गाडीत बसलेल्या मित्रांचा किंवा नातलगांचा प्रश्नही असाच आहे. केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या विम्यात खासगी मोटारीतील विनामूल्य प्रवासी येत नाहीत, तर सर्वसमावेशक विम्यात येतात. हा फरक नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बालकृष्णन (२०१२) या निकालात स्पष्ट झाला.

शिकाऊ चालक आणि विमा संरक्षण

भारतातील खासगी मोटारीच्या प्रमाणित विमापत्रात ‘चालक’ या शीर्षकाखाली एक कलम असते. त्यानुसार वैध अनुज्ञप्ती असलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते. वैध शिकाऊ अनुज्ञप्ती असलेली व्यक्तीही ती चालवू शकते, परंतु तिने वर उल्लेखिलेल्या नियम ३ ची पूर्तता केली पाहिजे. यामुळे शेजारी अनुज्ञप्तीधारक नसणे ही बाब वाहतूक पोलिसांच्या दंडापुरती मर्यादित राहत नाही. ती विमा कराराच्या अटीचा भंगही ठरते.

नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग (२००४) या महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिकाऊ अनुज्ञप्तीधारक हाही रीतसर अनुज्ञप्तीधारकच असल्याचे मानले. केवळ चालक शिकाऊ होता या कारणावरून विमा कंपनीस जबाबदारी टाळता येत नाही. अटीचा भंग झाल्याचे आणि त्यात विमाधारकाचा निष्काळजीपणा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. भंग सिद्ध झाल्यास जखमी व्यक्तीची परवड होऊ नये म्हणून कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायाधिकरणे अनेकदा देतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र अशा वेळी नामंजूर होऊ शकतो.

अनुज्ञप्ती नसलेल्या व्यक्तीस गाडी चालवू देणाऱ्या मालकास कलम १८० अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चालक अल्पवयीन असल्यास २०१९ मध्ये समाविष्ट झालेले कलम १९९अ लागू होते. त्यात पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द करण्याची तरतूद आहे. संबंधित अल्पवयीन व्यक्तीस वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ अनुज्ञप्तीही मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर भागात अल्पवयीन चालकाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाल्यानंतर पालकांच्या या जबाबदारीची महाराष्ट्रात व्यापक चर्चा झाली.

भरपाईची रक्कम

अपघातातील भरपाईचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. मृत्यूच्या दाव्यातील रक्कम ठरवण्याची पद्धत सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांतील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी निश्चित केली आहे. उदाहरणार्थ, २८ वर्षे वयाच्या, दरमहा १५,००० रुपये मिळवणाऱ्या स्वयंरोजगारी व्यक्तीचा मृत्यू झाला व तिच्यामागे जोडीदार आणि दोन मुले असली, तर हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

वार्षिक उत्पन्न : १,८०,००० रुपये
भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवून : २,५२,००० रुपये
स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा जाता : १,६८,००० रुपये
वयानुसार १७ या गुणकाने गुणून : २८,५६,००० रुपये

याशिवाय सहवासहानी, संपदाहानी व अंत्यसंस्कार यांसाठी ठरावीक रकमा मिळतात. विमा नसल्यास किंवा कंपनीस वसुलीचा अधिकार मिळाल्यास ही सर्व रक्कम मालकाकडून, प्रसंगी त्याची मालमत्ता जप्त करून, वसूल होऊ शकते.

विमा हप्ता

ब्रिटनसारख्या देशांत तरुण व नवख्या चालकास मोठा हप्ता भरावा लागतो. भारतात त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ता चालकाच्या वयावर अवलंबून नसतो. खासगी मोटारीसाठी तो इंजिनाच्या क्षमतेनुसार शासनाकडून ठरवला जातो. १ जून २०२२ पासून लागू झालेले वार्षिक दर (कर वगळून) असे आहेत :

१,००० घनसेंटिमीटरपर्यंत : २,०९४ रुपये
१,००० ते १,५०० घनसेंटिमीटर : ३,४१६ रुपये
१,५०० घनसेंटिमीटरपेक्षा अधिक : ७,८९७ रुपये

स्वनुकसान विम्याचा हप्ता मात्र कंपन्या स्वतः ठरवतात. तो गाडीच्या विमाकृत घोषित मूल्यावर (आयडीव्ही) अवलंबून असतो. निर्मात्याच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून हे मूल्य काढतात. दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीसाठी घसारा ३० टक्के धरला जातो. म्हणजे ६ लाख रुपये किमतीच्या गाडीचे मूल्य ४ लाख २० हजार होते. हप्ता वाचवण्यासाठी हे मूल्य कमी दाखवल्यास गाडी चोरीस गेल्यावर भरपाईही तेवढीच कमी मिळते.

ज्या वर्षी दावा केला जात नाही, त्यानंतरच्या नूतनीकरणात स्वनुकसान हप्त्यावर ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत मिळते. ती क्रमाने २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी वाढते. विमापत्र संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास ती नष्ट होते. ही सवलत गाडीची नसून विमाधारकाची असते, त्यामुळे गाडी विकल्यावर ती नव्या मालकास मिळत नाही. किरकोळ ओरखड्यासाठी दावा केल्यास पुढील वर्षीची सवलत जाते. म्हणून दुरुस्तीचा खर्च आणि गमावली जाणारी सवलत यांची तुलना करणे हिताचे असते.

पहिल्या गाडीची निवड

शिकण्यासाठी आटोपशीर लांबीची, चहूबाजूंनी स्पष्ट दिसणारी आणि लहान इंजिनाची गाडी सोयीची ठरते. १,००० घनसेंटिमीटरच्या आतील गाडीस त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ताही सर्वांत कमी पडतो. सुरक्षेच्या दृष्टीने वायुपिशव्या (एअरबॅग) व चाके जाम न होऊ देणारी ब्रेकप्रणाली (एबीएस) महत्त्वाची आहे. या दोन्ही सुविधा अनेक जुन्या गाड्यांत नसतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या योजनेत गाड्यांच्या धडक-चाचणीनुसार तारांकन दिले जाते.

जुनी गाडी घेताना नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन व चासी क्रमांक, कर्जाचा बोजा, थकीत दंड आणि विम्याची मुदत तपासली जाते. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. गाडी विकली गेली तरी त्रयस्थ पक्ष विमा कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे आपोआप वर्ग झाल्याचे मानले जाते. स्वनुकसान विम्याचे तसे नसते. त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून विमापत्र स्वतःच्या नावावर करून घ्यावे लागते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालानुसार परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव असेल, तोच भरपाईस जबाबदार मालक ठरतो. म्हणून हस्तांतरण पूर्ण होणे हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे.

खानदेशातील संदर्भ

जळगाव परिवहन कार्यालयातील वाहनांची नोंदणी ‘एमएच १९’ आणि धुळे जिल्ह्यातील वाहनांची ‘एमएच १८’ या मालिकेत होते. यावल तालुक्यातील फैजपूर हे शहर रावेर, सावदा, यावल व चोपडा यांना जोडणाऱ्या बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गावर आहे. केळीचे मालमोटार भरून जाणारे वाहन, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दुचाकी यांची या मार्गावर एकत्र वर्दळ असते. रात्री मागील दिव्याविना जाणारी ट्रॉली नवख्या चालकास वेळीच दिसत नाही.

मध्य प्रदेशची सीमा जवळ असल्याने तेथे नोंदलेली जुनी गाडी घेण्याचा पर्याय या भागात उपलब्ध असतो. अशा गाडीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) घ्यावे लागते. ती बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवल्यास येथील नोंदणी क्रमांक घेणे व कर भरणे बंधनकारक असते.

खासगी मोटारीचे विमापत्र भाड्याने प्रवासी नेण्यास किंवा व्यापारी मालवाहतुकीस लागू होत नाही. लग्नसराईत भाड्याने दिलेल्या किंवा बाजारात विक्रीचा माल नेणाऱ्या खासगी गाडीस अपघात झाल्यास दावा अडचणीत येतो.

दावा आणि तक्रार

अपघातानंतर जखमीस मदत करणे, पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीस विनाविलंब सूचना देणे ही मालक व चालकाची कर्तव्ये आहेत. कंपनीच्या पाहणीपूर्वी गाडीची दुरुस्ती करू नये. दाव्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र, विमापत्र व चालकाची अनुज्ञप्ती द्यावी लागते. चालक शिकाऊ असल्यास शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या अनुज्ञप्तीची प्रतही महत्त्वाची ठरते. चालकाचे नाव बदलून सांगणे ही फसवणूक असून त्यामुळे दावा फेटाळला जाऊ शकतो.

नुकसानभरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची मुदत कायद्यात आहे. कंपनीने स्वनुकसानीचा दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही खुला असतो.

हे सुद्धा पहा

मोटार वाहन अधिनियम, १९८८
भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण
प्रादेशिक परिवहन कार्यालय
फैजपूर